हरतालिकेच्या रात्रीचं वायरिंग

माणगावात हायवेला लागून माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं आणि गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. गणपतीच्या तोंडावर आम्ही शटर ओढतच नाही. इंदापूरपासून गाड्यांची रांग लागते, तासन्‌तास एसी आणि हेडलाइट चालू राहतात, जुन्या बॅटऱ्या मान टाकतात आणि मुंबईकर गाडी ढकलत दारात येतात. त्या हरतालिकेच्या रात्री आलेली सात सीटची गाडी मात्र चालू होती. मधल्या सीटवर ऐंशीच्या घरातले आजोबा, नाकात नळी, पायाशी लहान ऑक्सिजन सिलिंडर. घड्याळाचा काटा लाल पट्टीत टेकलेला. शेजारी घरगुती ऑक्सिजन मशीन बंद पडून होतं.

"दादा, चार्जिंगच्या सॉकेटला इन्व्हर्टर लावला होता. मशीन सुरूच होत नाही आता," मुलगा म्हणाला. जायचं होतं संगमेश्वरच्या पुढे.

गाडीकडे नंतर बघू म्हटलं. आधी मशीन दुकानात आणून भिंतीच्या प्लगला लावलं, आजोबांना खुर्चीत बसवलं. असं मशीन हवेतला नायट्रोजन शोषून घेऊन उरलेला ऑक्सिजन देतं, पण सुरू केल्याबरोबर पुरेसा शुद्ध ऑक्सिजन येत नाही, काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ सिलिंडर चालू ठेवला, मग बंद केला. सुनेने बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि डॉक्टरांना फोन केला. किती लिटर द्यायचा हा त्यांचा प्रांत. मशीनवर मिनिटाला दोन लिटर होता तो दोनच राहिला, त्या बटणाला मी हात लावला नाही.

मग सॉकेटचा फ्यूज बघितला आणि अंगावर काटा आला. फ्यूज उडाला म्हणून वाटेत कोणीतरी त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळून दिली होती. सॉकेटमागची वायर मऊ पडून तिचा प्लॅस्टिकचा थर वितळू लागला होता. ज्या गाडीत ऑक्सिजनची नळी आहे, त्या गाडीत! ऑक्सिजन मुरलेला कपडा किंवा उशी एका ठिणगीने भडकते.

वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला तर मशीन साडेतीनशे वॅटच्या आसपास ओढत होतं. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका त्याच्या दुपटीहून जास्त. घरच्या २३० व्होल्टला हे म्हणजे दीड अँपिअर, काहीच नाही. पण १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेवढीच ताकद काढायची, वर इन्व्हर्टरची स्वतःची खोट धरायची, तर ३३-३४ अँपिअर लागतात. सॉकेटचा फ्यूज १५ अँपिअरचा, म्हणजे फार तर १८० वॅट. त्यावर मोबाइल चार्ज करावा, हे मशीन नाही. इन्व्हर्टरवर ५०० वॅट छापलेलं असतं, ग्राहक तेवढंच वाचतो, आणि विकणारा वायरबद्दल चकार शब्द काढत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

त्यांचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा होता. त्यावर कॉम्प्रेसरची मोटर घुमते आणि तापते, म्हणून दुकानातला १००० वॅटचा प्युअर सायनवेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा, काढला. बॅटरीपासून थेट १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल ओढली, प्लस आणि मायनस दोन्ही. पोऱ्याने अडीचची वायर पुढे केली होती. चार मीटर जायला, चार मीटर यायला, एवढ्या करंटला अडीचच्या वायरीत जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच जातात. मग बॅटरी ठणठणीत असूनही इन्व्हर्टर 'लो बॅटरी' म्हणून कोकलतो. १६ च्या केबलमध्ये जेमतेम ०.३ व्होल्ट पडतो, त्याने काही बिघडत नाही. केबलच्या टोकांना धातूचे लग दाबून क्रिंप केले, बोनेटमधून आत येताना पत्र्याला रबरी ग्रोमेट बसवला आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर ६० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीजवळच हवा. केबल कुठे घासून बॉडीला टेकली तर आग तिथेच थांबते.

आता गाडी स्लोवर ठेवून व्होल्ट बघितले. एसी आणि हेडलाइट चालू असताना १२.२ आणि हळूहळू खाली. चालू गाडीत बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरवर ९० अँपिअर लिहिलेलं असलं तरी ते इंजिन जोरात फिरतं तेव्हाचं. स्लोवर त्याच्या निम्मं मिळालं तरी खूप. एसी बंद करून काचा उघडल्या, काटा १३.४ वर गेला. मुलाला सगळं दाखवून समजावलं: ट्रॅफिकमध्ये थांबलात की एसी बंद, सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारं बटण आधी ऑफ करा, आणि इंजिन बंद ठेवून मशीन चालवू नका. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी तासाभरात बसेल, मग गाडीही सुरू होणार नाही आणि मशीनही. मशीन डिकीत सामानाखाली दाबलं होतं म्हणे आधी. ते दोन सीटच्या मधे उभं बांधलं, हवा घ्यायच्या जाळ्या मोकळ्या ठेवून.

तरी यंत्राच्या भरवशावर रात्रीचा कशेडी घाट उतरायला पाठवायला मन धजेना. ओळखीच्या रुग्णवाहिकेवाल्याकडून भरलेला बी टाईप सिलिंडर आणवला. त्यात दीड घनमीटर ऑक्सिजन असतो, दोन लिटरवर बारा तास जातो. तो आडवा पट्ट्याने आवळला.

"आजोबा, एवढा त्रास घेऊन निघालात," मी म्हटलं.

"घरातला गणपती मी बसवतो बाला, वडील गेल्यापासनं," ते दम खात म्हणाले. "आनि ट्रेनचं तिकीट काय मिळतं?"

मिळत नाही, हे कोकणात कोणाला सांगायला नको. मिळालं असतं तरी डब्यातल्या चार्जिंगच्या प्लगवर हे मशीन चाललं नसतं.

पहाटे सुनेचा फोन आला, पोचलो म्हणून. मी केबल तापली का ते विचारलं. हात लावून बघितला होता तिने, कोमट होती.

गौरी-गणपती विसर्जन करून परतताना ते दुकानावर थांबले. सिलिंडर परत दिला, काटा जवळजवळ होता तिथेच होता. मुलाने विचारलं, केबल काढून टाकायची का? म्हटलं, राहू दे, पुढच्या महिन्यात दवाखान्याच्या खेपा आहेतच. फक्त गाडी उभी करून घरी गेलात की बॅटरीजवळचा फ्यूज काढून खिशात ठेवत जा. लग पुन्हा आवळून दिले आणि दोन जादा फ्यूज त्याच्या हातात ठेवले.