क्लोझेचा सोळावा गोल

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज दिवसभर घरात ठोकाठोक. दाराची चौकट बदलायला सुतार आला होता. गुण्या लावून एकच माप त्यानं तीनदा घेतलं आणि मला एकदम जर्मनीचा फुटबॉलपटू मिरोस्लाव क्लोझे आठवला. तोही शिकलेला सुतार. फर्निचरवाला नव्हे, छपराचे वासे जोडणारा. विशीच्या उंबरठ्यावर असताना हा माणूस ब्लाउबाख-डीडेलकॉफ नावाच्या संघातून सातव्या श्रेणीत खेळत होता. त्या वयाला आपल्याकडे घरचे चेंडू माळ्यावर टाकून देतात.

जन्म पोलंडमधल्या ओपोलेचा. वडील फुटबॉलपटू, आई पोलंडच्या हँडबॉल संघाची गोलकीपर. लहानपणीच जर्मनीत कुझेलला आला, तेव्हा जर्मनचे दोनच शब्द येत होते म्हणे. २००१ साली त्याच जर्मनीकडून पहिला सामना, आणि पुढच्या वर्षी वर्ल्ड कपमध्ये पाच गोल. पाचही डोक्यानं!

संध्याकाळी २०१४ च्या वर्ल्ड कपची जर्मनी-ब्राझील सेमीफायनल पुन्हा लावली. मूळ सामना आपल्याकडे रात्री दीडला होता. आम्ही कोल्हापूरचे, गल्लीत ब्राझीलचे पिवळे आणि अर्जेंटिनाचे निळे-पांढरे झेंडे, जर्मनीवाला मी एकटाच. तेविसाव्या मिनिटाला क्लोझेनं मारलेला पहिला फटका ब्राझीलचा गोलकीपर ज्युलिओ सेझारनं अडवला, चेंडू परत त्याच्याच पायाशी आला आणि त्यानं तो आत ढकलला. वर्ल्ड कपमधला सोळावा गोल. ब्राझीलच्या रोनाल्डोचा वर्ल्ड कपमधल्या सर्वाधिक गोलांचा विक्रम ब्राझीलमध्येच मोडला, तोही रोनाल्डो स्टेडियममध्ये हजर असताना. एखाद्याच्या वाट्याला असा क्षण आला तर आठवडाभर पेपर पुरले नसते. पण पुढच्या सहा मिनिटांत आणखी तीन गोल झाले, शेवटी ७-१, आणि विक्रम त्या ढिगाऱ्याखाली गेला. मलाही तो सकाळी चहा पिताना आठवला. तोवर शेजारचे काका झेंडा काढायला गच्चीवर गेले होते.

गोलही कसा, तर कुणी पोस्टर करून लावावा असा नाहीच. त्याचे बरेचसे गोल तसेच. जर्मनीकडून १३७ सामन्यांत ७१, म्हणजे जर्मनीच्याच जुन्या गेर्ड म्युलरच्या ६८ च्याही पुढे. (म्युलरनं ते ६२ सामन्यांतच केले होते, हे जर्मनीवाल्यानंही कबूल करायला हवं.) लोक म्हणायचे, हा नुसता गोलसमोर उभा असतो. अरे, पण नेमका तिथंच कसा उभा असतो? त्यानं गोल केलेला एकही सामना जर्मनी हरली नाही.

मला मात्र त्याचा न झालेला गोल जास्त आवडतो. सप्टेंबर २०१२, इटलीतला क्लब सामना, याचा लाझिओ विरुद्ध नापोली. कॉर्नरवरून आलेला चेंडू याच्या हाताला लागून आत गेला, रेफरीनं गोल दिला. यानं स्वतः जाऊन सांगितलं, हात लागला. गोल रद्द. लाझिओ ०-३ हरली. आधी २००५ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन क्लबकडून खेळतानाही मिळालेली पेनल्टी यानं अशीच नाकारली होती. मी गल्लीत खेळताना थ्रो-इन कुणाचा यावरून शपथा घेतल्यात, त्यामुळे या विषयावर जास्त बोलत नाही.

२०१४ च्या फायनलमध्ये अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्याला बाहेर घेतलं. वय ३६, २००२ ची फायनल हरलेला, स्कोअर ०-०. आत गेला तो मारिओ ग्योत्झे. ११३ व्या मिनिटाला ग्योत्झेनं छातीवर चेंडू घेऊन गोल मारला आणि क्लोझे बाकावरून वर्ल्ड कप जिंकला. पुढच्याच महिन्यात त्यानं देशाकडून खेळणं थांबवलं.

त्याच वर्ल्ड कपमध्ये घानाविरुद्ध, पंधराव्या गोलनंतर त्यानं नेहमीची कोलांटउडी मारली होती ना, तीही आज परत पाहिली. नीट जमली नाही, बुडावर आपटला. उठला तेव्हा हसत होता.