जर्मनी दौऱ्याची नोंद: पाच शो, तीन दिवस टेप आणि ४४२ चा पियानो

मंडळी, आलो परत. मागची नोंद बॅगा भरण्यापाशी थांबली होती, आज पुढचं सगळं लिहितो. जरा लांबेल, कारण स्टुडिओत जे शिकलो ते नीट नाही लिहिलं तर पुढच्या वर्षी मलाच आठवणार नाही, आणि तुमच्यातले दोघं-तिघं असाच दौरा आखताय हे माहितीये.

आधी सांगाडा सांगतो. आम्ही पाच जण: ड्रम, बेस, गिटार, गाणारी आणि मी पेटीवर (कीबोर्डही मीच, पण या वेळी जास्त पेटीच). हॅम्बुर्ग, लाइपझिग, बर्लिन आणि मधे दोन लहान गावं मिळून आठ दिवसांत पाच शो, मग एक दिवस पूर्ण सुट्टी, मग बर्लिनमधे तीन दिवस रेकॉर्डिंग. हा क्रम आम्ही भांडून मिळवलाय. स्टुडिओच्या तारखा आधी मिळत होत्या, म्हणजे उतरायचं, दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड करायचं आणि मग शो. मला ते अजिबात पटत नव्हतं. रिहर्सल रूममधे पन्नास वेळा वाजवलेलं गाणं आणि अनोळखी लोकांसमोर पाच वेळा वाजवलेलं गाणं ही दोन वेगळी गाणी असतात. शेवटी तिकिटं पुढे ढकलली, तारखा बदलून घेतल्या, थोडे पैसे गेले. माझ्या मते दौऱ्यातला सगळ्यात चांगला खर्च तोच.

सामान

कार्ने काढला होता, एटीए कार्ने. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा म्हणजे तुमच्या वाद्यांचा पासपोर्ट. वर्षभर चालतो, सगळ्या वस्तू सिरियल नंबरासकट यादीत लिहायच्या, आणि मग आपल्या देशातून निघताना, तिकडे शिरताना, तिकडून निघताना आणि घरी परतल्यावर असे चार शिक्के. युरोपियन युनियन कस्टम्ससाठी एकच प्रदेश धरतात त्यामुळे आत देश बदलला तरी पुन्हा शिक्का लागत नाही. दोन गोष्टी डोक्यात ठेवा. एकदा कार्ने हातात आला की यादीत नवी वस्तू घालता येत नाही, त्यामुळे आदल्या रात्री ‘हा पेडल पण घेऊ’ असं चालत नाही. आणि विकायच्या गोष्टी, म्हणजे टीशर्ट, सीडी वगैरे, कार्नेवर येतच नाहीत, त्यांचं वेगळं बघावं लागतं. निघताना विमानतळावर शिक्क्याचा काउंटर चेक-इनच्या आधी शोधा कारण बॅग एकदा पट्ट्यावरून गेली की दाखवणार काय.

ड्रमरने फक्त स्नेअर, झांजा आणि किक पेडल नेलं, बाकी किट प्रत्येक क्लबात असतंच. बेस आणि गिटारचे अँप तिथलेच घेतले. वायरलेस इन-इअर (स्टेजवर आपलंच वाजवणं ऐकायला कानात घालायचे छोटे हेडफोन) घरी ठेवले, कारण प्रत्येक देशात फ्रीक्वेन्सीचे नियम वेगळे, आणि आपला सेट तिथल्या नियमांत बसत नव्हता. मी आणि ड्रमर वायरवाले इन-इअर वापरतो आता, एकदाही तक्रार नाही.

पेटी मात्र माझ्याबरोबर विमानात, वर सामानाच्या कप्प्यात. भात्याला पट्टा बांधला, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर जाड फेल्ट टाकलं आणि आत हवेतला ओलावा टिकवणारी दोन पाकिटं. विमानाच्या आत हवा फार कोरडी असते, वीस टक्क्यांच्याही खाली जाते आर्द्रता, आणि लाकडाला ४५ ते ५५ बरी.

शो

पहिला हॅम्बुर्गला. चाळीस मिनिटांचा सेट, आमच्या आधी दोन बँड, मधे पंधरा मिनिटं सामान बदलायला. आम्ही स्टेज प्लॉट (स्टेजवर कोण कुठे त्याचा नकाशा) आणि इनपुट लिस्ट (कशाला कोणता माइक किंवा वायर त्याची यादी) दोन आठवडे आधी पाठवली होती आणि तिथल्या साउंडवाल्या ताईंनी ती प्रिंट काढून टेबलाला चिकटवलेली बघून मला इतकं बरं वाटलं काय सांगू. पेटीला दोन माइक मागितले होते, एकच मिळाला, तो मागच्या बाजूने सुरांच्या फळीकडे तोंड करून लावला आणि १२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं, म्हणजे भात्याचा धप्प आवाज गेला. पेटीखाली फोमचा तुकडा ठेवा, स्टेजची धडधड वर चढत नाही.

सकाळी ग्रोसे फ्रायहाइटवरून चालत गेलो. बीटल्सनी १७ ऑगस्ट १९६० ला तिथल्या इंद्रा क्लबात वाजवायला सुरुवात केली, तेव्हा ते रोज रात्री चार-साडेचार तास आणि शनिवार-रविवारी सहा तास वाजवायचे. आणि जून १९६१ मधे टोनी शेरिडन या गायकाच्या मागे वाजवत त्यांनी जे रेकॉर्डिंग केलं तेही याच शहरात, हारबुर्गमधल्या एका शाळेच्या सभागृहात. म्हणजे परक्या देशात जाऊन आधी स्टेजवर घासून घ्यायचं आणि मग माइकसमोर बसायचं हे काही मी शोधलेलं नाही. त्या गल्लीत उभा राहून मी बँडला हेच ऐकवत होतो, आणि सगळ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

लाइपझिगला साउंडचेकमधे पेटीचा एक सूर गेला. खालच्या सप्तकातला पंचम, दाबला तर नुसती हवा. माझ्या पोटात गोळा. झाकण काढलं, फळी उचलली, मोबाइलचा टॉर्च मारला तर पितळी पत्तीच्या आणि चौकटीच्या फटीत एक धागा अडकलेला, बहुतेक त्याच फेल्टचा. पातळ कागदाची पट्टी पत्तीखालून एकदा अलगद सरकवली, बोटाने पत्ती हलकेच टिचकावली, बोलली. सात मिनिटांत पेटी परत बंद. पेटीवाल्यांनी कागदाची पट्टी, छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च खिशातच ठेवायचा, बॅगेत नाही. आणि आता फेल्टऐवजी सुती कापड घालणारे.

मधल्या दोन गावांबद्दल फार लिहीत नाही, एकात पंचवीसच लोक होते पण सगळे शेवटपर्यंत बसले, दुसऱ्यात ग्राउंड लूपचा (अर्थिंगमुळे येणारा) गुणगुणाट होता जो डीआय बॉक्सवरचं (वाद्य थेट मिक्सरला जोडायची डबी) अर्थिंग तोडायचं बटण, लिफ्ट, दाबल्यावर गेला. पैशांचं एक सांगतो: जर्मनीत बाहेरून आलेल्या कलाकाराच्या मानधनावर आयोजकाला कर कापावा लागतो, १५ टक्के आणि वर थोडा अधिभार, पण प्रत्येक कलाकाराला एका शोमागे २५० युरोपर्यंत मिळत असतील तर कापत नाहीत. म्हणून करारात पाच जणांची नावं आणि प्रत्येकाची रक्कम स्वच्छ लिहून घ्या. शिवाय शो झाल्यावर वाजवलेल्या गाण्यांची यादी द्यायची असते, ती आयोजकामार्फत गेमाकडे म्हणजे तिथल्या रॉयल्टी संस्थेकडे जाते. आम्ही रोज रात्री गाडीत बसल्या बसल्या भरायचो.

बर्लिनच्या शेवटच्या शोपर्यंत गाणी किती बदलली ते फोनवरच्या रेकॉर्डिंगमधे दिसतं. ९२ बीपीएमवर (मिनिटाला ९२ ठोके) बसवलेलं गाणं आपोआप ९६ ला आलं आणि तिथेच स्थिरावलं. एका गाण्यातला माझा मोठा मुखडा निम्मा झाला कारण लोक तिसऱ्या आवर्तनाला हलायचे थांबायचे, ते स्टेजवरून स्वच्छ दिसतं, रिहर्सल रूममधे कोण सांगणार.

सुट्टीचा दिवस

गाणारीला बोलायचीही बंदी. बाकीचे श्प्रे नदीकाठी नालेपाश्ट्रासेवरच्या फुंकहाउसला जाऊन आलो, पूर्व जर्मनीच्या रेडिओचं मुख्यालय, फ्रान्झ एर्लिख यांनी १९५० च्या दशकात उभं केलेलं. रेकॉर्डिंगचे हॉल वेगळ्या पायावर बांधलेत, म्हणजे इमारतीच्या आत इमारत, बाहेरचा हादरा आत पोचूच नये म्हणून. मोठ्या हॉलमधे मी एक टाळी वाजवली आणि ती विरेपर्यंत कोणी बोललं नाही.

स्टुडिओ

आमचा स्टुडिओ अर्थात बराच लहान, पण दोन गोष्टींसाठी निवडलेला: दोन इंची २४ ट्रॅकचं टेप मशीन आणि एक जुना ग्रँड पियानो.

टेपचं गणित आधी करा. अडीच हजार फुटांचं रीळ, सेकंदाला १५ इंच वेगाने, म्हणजे साधारण ३३ मिनिटं. आम्ही दोन रिळं घेतली, ६६ मिनिटं. पाच गाणी मिळून २४ मिनिटांची. म्हणजे प्रत्येक गाण्याला तीन टेकसुद्धा पूर्ण येत नाहीत, तिसरा-चौथा हवा तर आधीचा एक पुसायचा. पुसायचा हे ठरवताना पाच जण एकमेकांकडे बघतात ना, तो क्षण कॉम्प्युटरवर कधी आला नव्हता. चार गाणी दुसऱ्या टेकला पक्की झाली. शो आधी केले नसते तर हे शक्यच नव्हतं.

आता पियानो. पहिल्या सकाळी मी पेटीवर पांढरी सहा (म्हणजे ए) धरली, गिटारवाल्याने पियानोवर ए दाबला, आणि दोन्ही मिळून सेकंदाला दोन हेलकावे. वंव-वंव, वंव-वंव. वरच्या सप्तकात चार. ट्यूनर लावला: पेटीचा ए ४४० हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपनं), पियानोचा ४४२. तिकडे पियानो ४४२ ला लावणं अगदी नेहमीचं आहे, मोठे ऑर्केस्ट्रा तर ४४३ सुद्धा लावतात, आणि हे मी महिनाभर आधी एका ओळीच्या मेलमधे विचारायला हवं होतं. फरक जेमतेम आठ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधे शंभर सेंट असतात), वेगवेगळे ऐकलेत तर कळणार नाही, पण एकत्र वाजले की लांब सूर धरवत नाहीत. गिटार, बेस वर नेता येतात, गाणारी आपोआप जाते. पेटीच्या पितळी पत्त्या कानस घेऊन घासल्याशिवाय हलत नाहीत, आणि पियानो पुन्हा लावून घ्यायचा म्हणजे अर्धा दिवस आणि दोनशेहून जास्त तारा, ज्या नंतर परत सरकतात.

इंजिनिअरने शांतपणे मशीनवरच्या वेगाच्या बटणाकडे बोट दाखवलं.

केलं असं. पियानोवाली दोन गाणी बँडने ४४२ वर एकत्र वाजवली, पेटी सोडून. मग टेपचा वेग ०.४५ टक्का कमी केला, म्हणजे १५ इंचाऐवजी १४.९३, आणि हेडफोनमधे पियानोचा ए बरोबर ४४० वर उतरला. मी पांढरी सहा धरली आणि हेलकावे थांबले, एकदम सपाट, जणू एकच वाद्य. त्या संथ टेपवर पेटी वाजवली, मग वेग परत १५ वर, आणि पेटी बाकीच्यांबरोबर ४४२ वर चढली. चार मिनिटांच्या गाण्यात एका सेकंदाचा फरक पडतो, वाजवताना लय वेगळी जाणवतच नाही. पेटीचा पोतही बदलत नाही, निदान माझ्या कानाला नाही, आणि ही पेटी मी अकरा वर्षं वाजवतोय.

कॉम्प्युटरवरही हे करता येतं, पूर्ण प्रोजेक्टचा वेग-पट्टी एकत्र खाली घ्यायची, वाजवायचं, परत वर आणायचं. फक्त पेटीचा ट्रॅक नंतर पिच-शिफ्टने वर ढकलू नका, पेटीत इतके सूर एकत्र बोलत असतात की कडा मऊ पडतात. मी घरी करून बघितलं, फरक ऐकू येतो.

बाकीची तीन गाणी पियानोशिवाय, ४४० वर, पाचही जण एका खोलीत. माझी पेटी ड्रमपासून चार मीटर दूर, मधे दोन जाड पडदे, तरी माइकमधे झांजा आल्याच. त्या राहू दिल्या. पेटी बंद केली तर झांजांची चमक कमी होते इतका तो आवाज त्या गाण्यांचा भाग झालाय.

आत्ता कुठे आहोत

सगळं टेपवरून २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर उतरवून आणलंय. पाचपैकी तीन गाण्यांचं मिक्स जवळपास झालं. चौथ्यात बेस आणि पेटीचा खर्ज एकमेकांच्या अंगावर येतायत, २०० हर्ट्झच्या आसपास पेटी थोडी कापली तर मोकळं वाटतं पण उबही जाते, म्हणून आता पेटी कापण्याऐवजी दुसऱ्या कडव्यात खालची जोडच काढून टाकून बघतोय, तिथे मी दोन ट्रॅकवर वेगवेगळं वाजवलंय म्हणून जमेल. पाचव्या गाण्यावर बँडमधे दोन मतं आहेत. शेवटी पेटीचा सूर विरतो, भाता मिटल्याचा बारीक आवाज येतो आणि मागे कोणीतरी हळूच श्वास सोडतं. ड्रमर म्हणतो आधीच फेड करू. मी ठेवा म्हणतोय. रविवारी सगळे मिळून मोठ्या स्पीकरवर ऐकणार आहोत, काय ठरलं ते पुढच्या नोंदीत टाकतो.