बॅनर टिकला, आयलेट गेलं: वांद्र्याची खबर

मंडळी, आपल्या फुटबॉल टीमचा बॅनर टिकला! वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा फुटबॉल टर्फवर, भर दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात, शेवटच्या शिट्टीपर्यंत जाळीवर होता. डावीकडचं वरचं आयलेट, म्हणजे दोरी ओवायची धातूची रिंग, तेवढं शहीद झालं, त्याचं पुढे सांगतो. पण याच जाळीवरून मागच्या खेपेला हाफटाइमच्या आत कापड सुटून कॉर्नर फ्लॅगपाशी लोळत होतं, हे ज्यांना आठवतंय त्यांना माझा आनंद कळेल.

आपल्या डिव्हिजनमधलं ‘अवे’, म्हणजे परक्या मैदानावर खेळणं, काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. कूपरेज, परळचं सेंट झेवियर्स, वांद्रे, असोसिएशन देईल ते मैदान. स्वतःचं म्हणावं असं कुणाकडे काही नाही, त्यामुळे आपण कायमचे पाहुणे. समोरच्यांची माणसं जिथे बसलेली नाहीत ती आपली बाजू. त्यात एकामागून एक मॅच लावलेल्या, म्हणजे बॅनर आल्याआल्या लावायचा आणि शिट्टी वाजली की पुढच्या टीमची माणसं यायच्या आत उतरवायचा. पक्की फ्रेम बाद, बांबूही बाद. बांबू घेऊन रविवारी जंबो ब्लॉकमधल्या विरार लोकलमध्ये चढून दाखवा, मग बोलू.

तर मुद्दा वाऱ्याचा. आपलं कापड 15 फूट बाय 4 फूट. ताशी 30 किलोमीटरचा वारा समोरून आला तर एवढ्या कापडावर 25 किलोच्या आसपास भार येतो. वारा दुप्पट झाला की भार चौपट होतो. हा भार सगळीकडे सारखा वाटला गेला तर काही बिघडत नाही, पण कापड फडफडायला लागलं की प्रत्येक झटका एकाच कोपऱ्यावर बसतो आणि तिथलं आयलेट सुटतं. मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं.

‘वारा जायला कापडात अर्धचंद्र काप’ हा सल्ला मला प्रत्येक फ्लेक्सवाल्याने दिलाय. हिशोब करून बघा. सहा इंची डझनभर अर्धचंद्र कापले तरी 60 चौरस फुटांतले दीड चौरस फूटही मोकळे होत नाहीत. वाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, उलट प्रत्येक काप पुढे फाटायला जागा करून देतो. माझं ठाम मत: अर्धचंद्र ही निव्वळ अंधश्रद्धा आहे.

या वेळी काय वेगळं केलं ते सांगतो. कापड मंगळदास मार्केटचं मांजरपाट, 48 इंची पन्ह्याचं, म्हणजे मध्ये जोड नाही. वरच्या काठाला दुहेरी घडीत निवार शिवून घेतली आणि आयलेट निवारीतून ठोकली. वर एक खोळ ठेवली, तिच्यात वायरिंगची पीव्हीसी पाईप. लोहार चाळीत ती तीन मीटरची मिळते, मीटरमीटरचे तुकडे करून कपलर लावले की सॅकमध्ये उभी मावते. ताण आता पाईपभर पसरतो. सुतळीला कायमची सुट्टी. तिच्या जागी पंक्चरवाल्याकडच्या जुन्या सायकल ट्यूबच्या चकत्या: झटका आला की ताणतात, गेला की परत येतात. आणि सगळ्यात आवडती युक्ती म्हणजे खालचा काठ फक्त शिवणाच्या साध्या दोऱ्याने बांधला. मोठा झोत आला की आधी दोरा तुटतो, कापड वर उडतं, भार उतरतो. घरातल्या फ्यूजसारखं. पहिल्या हाफमध्ये दोन दोरे तुटले, मी गपचूप नवे बांधले. कापडाला ओरखडासुद्धा नाही!

आयलेटबद्दल एक सूचना. पितळी म्हणून घेतलेली माझी आयलेट लोखंडी निघाली, पहिल्याच पावसात कापडावर तांबडे डाग. दुकानाचं नाव घेत नाही, पण तुम्ही खिशात लहानसं चुंबक ठेवा. चिकटलं तर परत करा.

आता ते शहीद आयलेट. शिंपी मास्टरांनी निवार कोपऱ्याच्या इंचभर अलीकडेच थांबवली होती. बरोबर त्या इंचात आयलेटचे दात मांजरपाटात रुतले होते. साठाव्या मिनिटाला बघतो तर उभे धागे एकेक करून बाजूला सरकतायत, भोक लांबट होतंय, आणि पुढच्याच झोतात रिंग टणकन जाळीवर. मी कोपरा हाताने धरून उभा. समोरची टीम बँकेची, त्यांचे सपोर्टर म्हणजे ऑफिसातली मंडळी, बायकापोरं, डबे. त्यांच्यातले एक काका उठून आले, गळ्यातली आयकार्डाची दोरी काढली, कार्ड खिशात घातलं आणि म्हणाले, “हे अडकवा. सोमवारी ऑफिसला दुसरी मिळते.” दोरीच्या टोकाचा फिरता हुक खोळीतून पाईपला अडकवला, मॅच संपेपर्यंत हलला नाही. वर काकांनी “आमच्यासाठीपण एक बनवा” अशी ऑर्डर देऊन ठेवलीय. विरोधी पार्टीचा बॅनर शिवू का, सांगा.

मॅच 1-1. नेव्हिल डिसोझांनी 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारली, ऑलिम्पिकमध्ये अशी हॅटट्रिक मारणारे ते पहिले आशियाई. त्यांच्याच नावाच्या मैदानावर आमच्या नऊ नंबरने रिकाम्या गोलसमोरून बॉल थेट रस्त्याच्या दिशेने धाडला. असो. मॅचनंतर टीमने बॅनरखाली फोटो काढला, मला एवढं पुष्कळ.

ढोलाबद्दल थोडक्यात: दमट हवेत चामड्याचं पान ढिलं पडतं, फायबरचं पान लावलंय, आवाज थोडा पत्र्यासारखा येतो. चालवून घेऊ.

पुढचा बेत पाईपला आणखी दोन जोड देऊन बॅनर 20 फुटी करायचा होता. तो हे लिहितालिहिताच बदलला. टर्फवरून निघताना समोर रिडेव्हलपमेंटची इमारत होती, तिच्यावर हिरवी जाळी. पावसाळ्यापासून तिथेच आहे, त्याच वाऱ्यात, आणि धड आहे. मग आपण वाऱ्याशी भांडतोय कशाला? नर्सरीवाल्यांकडची 50 टक्के शेडनेट (निम्मं ऊन अडवणारी सावलीची जाळी) पाया म्हणून घ्यायची आणि तिच्यावर फक्त अक्षरं मांजरपाटाची शिवायची. वारा अक्षरांच्या मधून निघून जाईल. कोपऱ्यांना आयकार्डाचे हुक, म्हणजे उतरवायचं काम मिनिटभराचं. अडचण एकच, शेडनेट कडेने उसवते, म्हणून चारही बाजूंनी निवार लागेल, आणि या खेपेला कोपऱ्यापर्यंत, मी मास्टरांच्या मशीनशेजारी स्टूल टाकून बसणार आहे.

पुढची मॅच कूपरेजला. हैदराबाद सिटी पोलिसांच्या फुटबॉल टीमने 1950 ते 1954 सलग पाच वर्षं बाहेरून येऊन तिथून रोव्हर्स कप ही मुंबईची जुनी स्पर्धा उचलून नेली, तेव्हा पाहुण्यांनी तिथे माज करायला हरकत नसावी. पांढऱ्या शेडनेटचा 15 फुटी तुकडा कुणाकडे पडून असेल तर कळवा. हिरवी नको, समोरच्यांचे शर्ट हिरवे आहेत.