हात वर केलेला सैनिक

गेल्या जूनमधला गुरुवार. आमच्या मोबाइल गेमचं रिलीज सोमवारवर आलं होतं आणि वयाच्या रेटिंगचा फॉर्म भरायचं काम माझ्याकडे होतं. मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत टेस्टिंग सांभाळते. गेम होता शूटिंगचा: ओस पडलेलं गाव, सैनिक, बंदुका, बारा लेव्हल.

प्ले स्टोअरवर गेमच्या नावाजवळ ७+, १२+, १६+ असा जो आकडा दिसतो, तो कुणीतरी बसून, गेम खेळून दिलेला असतो असंच बहुतेक आईवडिलांना वाटतं. तसं नसतं. गेम बनवणाऱ्यानेच एक प्रश्नावली भरायची असते. रक्त दिसतं का, माणसासारख्या पात्रांना मारता येतं का, मार लागल्यावर ती कशी वागतात, असं बरंच काही. उत्तरं दिली की लगेच तिकडच्या रेटिंग संस्थांची रेटिंगं येतात: अमेरिकेसाठी ईएसआरबीचं, युरोपसाठी पेगीचं, जर्मनीसाठी यूएसकेचं. आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे, गेमसाठी तसं मंडळ नाही, त्यामुळे आपल्या वाट्याला येतो तो एक सर्वसाधारण आकडा. पुढे तपासणीत उत्तरं खोटी निघाली तर आकडा बदलतो, गेम स्टोअरवरून काढलाही जाऊ शकतो. पण पहिला आकडा फॉर्म भरणाऱ्याच्या सचोटीवरच ठरतो. म्हणून हे काम मला कधीच कारकुनी वाटलेलं नाही. माझी स्वतःची मुलगी अकरा वर्षांची आहे आणि तिला काय खेळू द्यायचं हे मी त्याच आकड्यावर ठरवते.

स्टुडिओ चालवणाऱ्या आमच्या सरांना १२+ हवं होतं. जाहिरातीचं सगळं गणित शाळकरी मुलांवर मांडलेलं होतं.

मी अडले ते तिसऱ्या लेव्हलच्या विहिरीपाशी. आमचा अ‍ॅनिमेटर सांगलीकडचा, तेवीस वर्षांचा. त्याने तीन आठवडे खपून तिथे एक जखमी सैनिक केला होता. गोळी लागली की तो पडतो, बंदूक हातातून निसटते, कोपरांवर सरपटत तो विहिरीच्या कठड्यापर्यंत जातो, वळतो आणि दोन्ही हात वर करतो. मी ते पाव वेगाने चालवून पाहिलं. डावा हात उजव्याच्या मागून येतो, कारण खांद्यात गोळी आहे. बोटं पूर्ण उघडत नाहीत. खेळणारा त्याला सोडून पुढे जाऊ शकतो, किंवा गोळी घालू शकतो.

पेगीच्या निकषांत प्रतिकार करू न शकणाऱ्या पात्रांवरची हिंसा १८ मध्ये मोडते.

सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, "अगं, तिथे 'नाही' टाक ना. कोण बघतंय?"

"सर, गोळी घालता येते. 'नाही' कसं टाकू?"

ते बराच वेळ गप्प होते. चौदा जणांचे पगार त्यांना दिसत असणार, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. शेवटी म्हणाले, "मग ते हात काढून टाका."

अ‍ॅनिमेटरला सांगायला मीच गेले. तो भांडला नाही. "ताई, हात काढले तर लोक थांबायचेच नाहीत," एवढंच बोलला.

आणि ते खरं होतं. महिनाभरापूर्वी आम्ही कॉलेजच्या काही मुलांना गेम खेळायला दिला होता. माझ्या वहीत नोंद आहे: विहिरीपाशी नऊपैकी सात जणांनी स्क्रीनवरून अंगठा उचलला. एकाने मान वळवून आमच्याकडे पाहिलं, आता काय करू असं विचारल्यासारखं. दोन लेव्हल बेदरकारपणे गोळ्या झाडत आलेली मुलं तिथे पहिल्यांदा थबकली होती.

रात्री साडेदहाला नवा बिल्ड, म्हणजे बदल केलेला गेम, आला. गोळी लागली की सैनिक अर्ध्या सेकंदात राखाडी धूर होऊन नाहीसा. मी लेव्हल पुन्हा खेळले आणि माझाच अंगठा कुठे थांबला नाही. फॉर्म खरी उत्तरं देऊन भरला. आकडा १२ आला.

या धंद्यात हे नवं नाही. १९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' निन्टेंडोवर आला तेव्हा रक्ताच्या जागी राखाडी घाम दाखवला होता. जर्मनीसाठीच्या 'हाफ-लाइफ'मध्ये मानवी सैनिकांच्या जागी यंत्रमानव आले. ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये 'लेफ्ट फोर डेड टू' अडवला गेला आणि मग विकला गेला तो मेलेली शरीरं गायब होणारा गेम. १८ वर्षांवरच्यांसाठीचा वर्ग तिथे २०१३ मध्ये सुरू झाल्यावर मूळ रूपाला वाट मिळाली. सगळीकडे कात्री चालली ती परिणामावर. गोळी तशीच राहिली.

वयाचा आकडा हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. विहिरीपाशी हात वर करणारा सैनिक माझ्या मुलीने आज पाहू नये. पण धूर होणारी माणसं तिने शेकड्यांनी मारावीत, आणि आम्ही त्यावर १२ लिहून द्यावं, हेही मला पटत नाही. आम्ही १८ घ्यायला हवं होतं. सरांना मी त्या रात्रीही हेच सांगितलं, अजूनही सांगते.

घरी निघण्याआधी मी बग नोंदवायच्या यादीत एक टिकेट टाकलं: 'लेव्हल ३, विहीर. जखमी सैनिक हात वर करत नाही.' गंभीरता, सर्वांत वरची. सरांनी ते वाचलंय, पण बंद केलेलं नाही. अ‍ॅनिमेटरने त्याला मूळ फाइल जोडून ठेवली आहे.