ट्यूनर जुळला, आवाज पोचलाच नाही

हौशी रेडिओचा (हॅम) परवाना मिळून व्हीयू२ चा कॉलसाइन, म्हणजे हवेवरची माझी ओळख, हातात आला त्या वर्षी घरामागच्या लिंबापासून गोठ्याच्या बल्लीपर्यंत ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झ) डायपोल, म्हणजे मधोमध जोडणी असलेली तारेची अँटेना, ताणला. १४३ भागिले ७.१ मेगाहर्ट्झ, म्हणजे साधारण २० मीटर तार. तिच्या मधोमध ३० मीटर आरजी-५८ कोएक्स (टीव्हीच्या केबलसारखी गोल केबल) जोडून ती खोलीत आणली. आई म्हणाली, "कापडं वाळू घालाले तरी कामी येईन का ते?" दारव्ह्याकडच्या आमच्या गावात अँटेनाला याहून वेगळं कोणी काही म्हटलं नाही.

४० मीटरवर नागपूर रोज मिळायचं. मग २० मीटर बँडची (१४ मेगाहर्ट्झ) हाव सुटली. सेटमधला ट्यूनर, म्हणजे अँटेनाचे ओहम सेटच्या ५० ओहमशी जुळवणारा भाग, टकटक करायचा, दहा सेकंदांनी लाल दिवा लावून मोकळा व्हायचा. गंमत म्हणजे २१ मेगाहर्ट्झवर तोच ट्यूनर झटक्यात जुळायचा. मला वाटलं, सेटच बिघडला.

नागपूरच्या एका जुन्या हॅम काकांनी फोनवर समजावलं. ७ च्या तिप्पट २१, म्हणून तिथं तारेच्या मध्यावर पुन्हा करंट जास्त आणि ओहम कमी. १४ वर ती तार पूर्ण तरंगाची होते, मध्यावर व्होल्टेज चढतं आणि ओहम हजारांत जातात. सेटमधल्या ट्यूनरची धाव ३:१ एसडब्ल्यूआरपर्यंत (५० ओहमशी किती बेमेळ, त्याचं माप; १:१ म्हणजे पूर्ण जुळलं). शुद्ध रोधाच्या भाषेत साधारण १७ ते १५० ओहम. "त्याची चूक नाही रे, तू त्याला विहिरीतून बैल काढायला सांगतोयस."

मग जुना हाताचा ट्यूनर घेतला. दोन मोठे गँग कंडेन्सर, मध्ये कॉइल. अर्धा तास बटणं फिरवली आणि काटा १:१ वर बसला. मी खूश. संध्याकाळी युरोपची स्टेशनं खणखणीत ऐकू येत होती. आठवडाभर हाका मारल्या, एकानंही उत्तर दिलं नाही.

इथं माझं डोकं खरं चाललं. हिशेब मांडला. अँटेनाशी २५०० ओहम धरले तर तिथला एसडब्ल्यूआर ५०:१. पण ३० मीटर आरजी-५८ मध्ये १४ मेगाहर्ट्झला पावणेदोन डेसिबलच्या आसपास गळती आधीच आहे. अँटेनाकडून परतणारी लाट येता-जाता विरते, म्हणून खोलीतल्या टोकाला एसडब्ल्यूआर ५:१ च्या आसपासच दिसतो. ट्यूनर तेवढंच बघतो आणि तेवढंच जुळवतो. सेटमधून १०० वॅट निघाले तर अँटेनाला जेमतेम १० पोचत होते. मोटर जोरात चालू, प्रेशर बरोबर, पण पाइप वाटेत फुटलेला. धुऱ्यापलीकडं पाणी जाईल कसं?

म्हणजे ट्यूनरची धाव वाढवून काही होणार नव्हतं, वाट बदलायची होती. कोएक्स काढली. दीड चौरस मिलिमीटरच्या दोन तारा दहा सेंटिमीटर अंतरावर समांतर नेल्या. मधले आधार म्हणून संत्र्याच्या जुन्या ठिबकच्या काळ्या नळीचे तुकडे कापून घातले. ही साधारण ६०० ओहमची शिडी. एसडब्ल्यूआर कितीही असला तरी तिच्यात गळती फार कमी. खोलीत बालून (दोन तारांची शिडी ट्यूनरच्या कोएक्स जोडणीला जोडणारा भाग), मग ट्यूनर.

तरीही पहिल्या दिवशी २० मीटर जुळेना, कंडेन्सरमध्ये ठिणगी उडाली. शिडीच्या लांबीप्रमाणे खोलीतल्या टोकाचे ओहम बदलतात, आणि माझी लांबी नेमकी चढत्या टोकावर पडली होती. साडेतीन मीटर शिडी आणखी जोडली आणि काटा निमूट खाली आला. त्याच संध्याकाळी इटलीचा एक आवाज माझा कॉलसाइन परत वाचत होता. "इकडे या गा!" म्हणून मी आईला हाक मारली. तिनं ऐकलं, विचारलं, "हा कोन बाप्पा?"

८० मीटरवर अजून जमत नाही. तिथं तार फार आखूड, रोध दहाएक ओहम आणि वर कंडेन्सरसारखा अडथळा आणणारी मोठी कपॅसिटिव्ह रिअ‍ॅक्टन्स. माझ्यासारख्या टी जोडणीच्या (दोन कंडेन्सर, मध्ये कॉइल) ट्यूनरला ओहम जास्त असलेले परवडतात, कमी ओहममध्ये कॉइल तापते. जुळतो, पण हात लावला की कळतं वॅट कुठं गेले.

प्रत्येक बँडची बटणांची जागा लिहिलेला कागद मी ट्यूनरवर चिकटवला आहे. पाऊस झाला की शिडी भिजते आणि ते आकडे दोन-तीन घरं सरकतात, म्हणून कागदावर आता कोरड्याचा आणि ओल्याचा असे दोन रकाने आहेत.