डोक्याला बसलेल्या धक्क्यांचा हिशेब

खेळाडू बेशुद्ध होऊन पडला की सामना थांबतो, डॉक्टर धावतात, कन्कशनची, म्हणजे धक्क्याने मेंदूचं काम तात्पुरतं बिघडण्याची, नोंद होते. त्याच मोसमात त्याच डोक्याने शेकडो छोटे धक्के सोसलेले असतात आणि ते कुठल्याच वहीत लिहिलेले नसतात. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या न लिहिलेल्या धक्क्यांची. २०२३ साली ६३१ दिवंगत अमेरिकन फुटबॉल (चेंडू हातात घेऊन, टकरी देत खेळायचा खेळ) खेळाडूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुणाला किती वेळा कन्कशन झालं होतं, एवढ्यावरून त्यांच्यातल्या सीटीई या, वारंवारच्या धक्क्यांनी मेंदू झिजवणाऱ्या, आजाराचा अंदाज बांधता येत नव्हता. आयुष्यभरात डोक्याने एकूण किती जोराचा मार सोसला, यावरून तो बराच नीट येत होता.

मेंदू साधारण १.४ किलो वजनाचा आणि घट्ट दह्यासारखा मऊ असतो. सरळ धक्क्यापेक्षा त्याला गिरकी जास्त बाधते. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की कवटी झटक्यात फिरते, मेंदू किंचित मागे राहतो आणि आतले लांब, नाजूक चेतातंतू ताणले जातात. तंतूंच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. हा तोल सावरायला पेशींना जास्त इंधन लागतं आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडतो. या अवस्थेत दुसरा धक्का बसला, तर तो पहिल्यापेक्षा जड जातो.

चेतातंतूंच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांना टाऊ नावाचं प्रथिन आधार देतं. सीटीईमध्ये हे टाऊ बिघडतं, नळ्यांपासून सुटतं आणि त्याच्या गुठळ्या होतात. या गुठळ्या मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साठतात. धक्क्याचा ताण एकवटतो तोही याच तळाशी. अल्झायमरमध्येही टाऊ साठतं, पण त्याची मांडणी वेगळी असते. ही खूण सूक्ष्मदर्शकाखालीच दिसत असल्यामुळे सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं.

बॉक्सरांची अडखळती चाल आणि जड जीभ अमेरिकन डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच नोंदवली होती. तरी पुढची कित्येक वर्षं हा फक्त बॉक्सिंगचा प्रश्न मानला गेला. २००२ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेब्स्टर गेले. त्यांचा मेंदू शवविच्छेदन करणारे डॉक्टर बेनेट ओमालू यांनी तपासला आणि त्यात हाच आजार सापडला. २०१७ च्या एका अभ्यासात एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई आढळला. हा आकडा वापरताना सांभाळायला हवं. लक्षणं दिसलेल्यांचे कुटुंबीय मेंदू दान करण्याची शक्यता जास्त असते, म्हणून ‘शंभरातल्या नव्व्याण्णवांना हा आजार होतो’ असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

माझ्या मते त्याहून बोलका पुरावा स्कॉटलंडचा आहे. तिथल्या, आपल्या ओळखीचा पायाने खेळायचा फुटबॉल खेळलेल्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंमध्ये मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण सर्वसामान्यांच्या सुमारे साडेतीनपट निघालं. पुढे खेळण्याच्या जागेप्रमाणे फोड केली, तेव्हा गोलरक्षकांचा धोका साधारण इतर लोकांएवढाच होता आणि बचावपटूंचा सुमारे पाचपट. मैदान तेच, प्रवास तोच, तालीमही जवळपास तीच. गोलरक्षक हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू, क्वचितच मारतो, हा फरक नजरेआड करता येत नाही.

म्हणून कात्री लावायची ती सरावाला. सामने मोजकेच असतात आणि धक्क्यांचा मोठा साठा रोजच्या तालमीत जमतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये सरावातली टक्कर मर्यादित केल्यावर तिथलं कन्कशनचं प्रमाण ६४ टक्क्यांनी घटलं. इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये २०२१ पासून सरावात आठवड्याला जास्तीत जास्त १० जोरदार हेडर, अशी मार्गदर्शक मर्यादा आहे. प्रशिक्षकाने एक साधी वही ठेवावी : खेळाडूचं नाव, तारीख, पूर्ण टकरीचे किंवा स्पारिंगचे (सरावातल्या लढतीचे) फेरे, जोरदार हेडर. टॅकलचं (समोरच्याला अडवून पाडण्याचं) तंत्र आधी पॅडवर आणि संथ गतीने पक्कं करावं. टकरीच्या सरावानंतर लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा टक्कर ठेवू नये. लहान मुलांना हेडर शिकवण्याची घाई तर मुळीच नको.

हेल्मेटवर फार विसंबू नका. ते कवटी फुटण्यापासून वाचवतं, पण आत मेंदू फिरतो ते त्याला थांबवता येत नाही.

कन्कशनची शंका आली तरी खेळाडूला त्याच क्षणी बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत उतरवायचं नाही. उठायला वेळ लागणं, तोल जाणं, रिकामी नजर, गोंधळलेली उत्तरं, यातलं एक चिन्हही पुरे. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, दोन दोन दिसणं, मान दुखणं, हातापायात मुंग्या किंवा कमजोरी असेल तर थेट रुग्णालय गाठा. सीटी स्कॅन स्वच्छ आला म्हणजे कन्कशन नाही, असं समजू नका. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा हाड मोडलेलं दिसतं, ताणलेले तंतू दिसत नाहीत.

पहिले २४ ते ४८ तास घरातली हलकी कामं आणि कमीत कमी स्क्रीन. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहण्याचा जुना सल्ला आता कुणी देत नाही. पुढे चालणं, मग कमाल हृदयगतीच्या ५५ टक्क्यांपर्यंत हलका व्यायाम, नंतर ७० टक्क्यांपर्यंत, मग एकट्याने खेळाचा सराव. एक पायरी साधारण एक दिवसाची. व्यायामाने त्रास थोडा वाढून तासाभरात ओसरला तर चालतं, त्याहून जास्त वाढला तर थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचा. संघासोबतचा सराव लक्षणं पूर्ण गेल्यावरच, आणि पूर्ण टकरीच्या सरावाआधी डॉक्टरांची परवानगी घ्यायलाच हवी.

निवृत्त खेळाडूला विसर पडू लागला, राग आवरेना किंवा मन खचलं, तर घरच्यांनी सीटीई गृहीत धरून हात टेकू नयेत. नैराश्य, झोपेत श्वास अडकणं, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, दारू यांनीही हेच घडतं आणि यांवर उपचार आहेत. मेंदूरोगतज्ज्ञांकडे जाताना किती वर्षं, कोणत्या जागी, कितव्या वर्षापासून खेळलात हे कागदावर लिहून न्या आणि त्यांनी विचारलं नाही तरी तो कागद पुढे ठेवा.