युरोबॅगमधले दहा मिलिलिटर

भातलावणीच्या दिवसांत पायात काटा मोडून झालेली जखम चिघळली आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला, अशा अवस्थेत बासष्ट वर्षांचे एक शेतकरी पहाटे आमच्या अतिदक्षता विभागात दाखल झाले. पहिल्या तासाभरात रक्तातले जंतू ओळखण्यासाठी कल्चर घेऊन प्रतिजैविके सुरू केली, किलोमागे ३० मिलिलिटर या हिशेबाने १८०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट हे सलाइन दिले आणि शल्यचिकित्सकांनी पायातला पू काढला. तरीही रक्तदाब सावरेना, म्हणून रक्तवाहिन्या आकुंचित करून दाब वाढवणाऱ्या नॉरॲड्रिनॅलिनचा पंप लावला. नऊच्या सुमारास आर्टेरियल लाइन, म्हणजे धमनीत घातलेली दाब मोजणारी नळी, ९२/५२, म्हणजे सरासरी ६५ दाखवू लागली.

सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गामुळे रक्तदाब असा कोसळतो तेव्हा, सुरुवातीला सरासरी रक्तदाब ६५ राखावा, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे, त्यामुळे कागदोपत्री आमचे काम चोख होते. युरोबॅग, म्हणजे लघवी साठवणारी पिशवी, मात्र ते मानायला तयार नव्हती. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. ती ओळीने तीन तास दहाच्या पुढे सरकली नव्हती आणि मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन २.८ वर पोहोचले होते. सोनोग्राफीत मूत्रमार्गात अडथळा दिसला नाही, आणि एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पाहता आणखी सलाइन दिले असते तर ते फुप्फुसांतच साचले असते. मूत्रपिंडासाठी म्हणून अल्प मात्रेत डोपामाइन हे औषध लावण्याची शिकवण आमच्या विद्यार्थिदशेत सर्रास होती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील चाचणीत तिचा काही उपयोग दिसला नाही, तरी हात अजून सवयीने तिकडे वळतो, हे कबूल करायला हवे.

बाहेर बसलेल्या सुनेला मी पुन्हा एकदा जुन्या आजारांबद्दल विचारले. "मामांनी बीपीच्या गोळ्या पावसाळा लागल्यापासून बंदच केल्यात," असे म्हणत तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून तालुक्याच्या दवाखान्याचा केसपेपर काढून दिला. त्यावर एप्रिलमधली नोंद होती: १६०/९५.

दाब कमी-जास्त झाला तरी स्वतःतील रक्तप्रवाह स्थिर राखण्याची सोय मूत्रपिंडात असते. पण वर्षानुवर्षे चढ्या दाबाची सवय झाली की त्या सोयीची खालची मर्यादाच वर सरकते. ज्याची रोजची सरासरी ११६ च्या आसपास, त्याच्या मूत्रपिंडाला ६५ हा दुष्काळच. फ्रान्समधील ७७६ रुग्णांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६५ ते ७० आणि ८० ते ८५ अशी दोन उद्दिष्टे तोलली गेली होती. मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही, मात्र जुना उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी ज्यांचा दाब वरचा ठेवला, त्यांना डायलिसिस कमी लागले. आणि एकंदर वरच्या गटात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके, अधिक आढळले.

चार तासांपुरते ८० ठेवून पाहायचे, लघवी वाढली नाही तर मुकाट्याने खाली यायचे, असे ठरवून नॉरॲड्रिनॅलिन वाढवले आणि जोडीला दाब वाढवणारे व्हॅसोप्रेसिन दिले. दुपारी एकला तासाची लघवी २५ झाली, तीनला ४०. रात्री नऊला नाडी अनियमित होऊन १४० वर गेली. ज्याची धास्ती होती तेच झाले. ठोके ताळ्यावर आणणारे ॲमिओडॅरोन सुरू केले आणि उद्दिष्ट ७० वर आणले. लघवी तरीही तिशीच्या खाली उतरली नाही.

क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी ३.४ पर्यंत चढून मग उतरू लागले आणि डायलिसिस टळले. त्यात ८० च्या आकड्याचा वाटा किती आणि पायातून काढलेल्या पुवाचा किती, हे मला सांगता येणार नाही. बाराव्या दिवशी ते घरी गेले, तेव्हा गोळ्यांची पाकिटे सुनेने स्वतःच्या ताब्यात घेतली होती.